एक पार्किंग, दोन गाड्या: फियाट डिलाइट ठेवायची की मारुती एसएस ८०?

पार्श्वभूमी

विलेपार्ले पूर्वेची तीन मजली इमारत. पुनर्विकासाचा विषय वर्षानुवर्षं चघळून झाल्यावर २०२३ मध्ये एकदाचा करार झाला आणि सभासदांना जागा रिकामी करायची मुदत मिळाली, मे २०२४ अखेर. या इमारतीतल्या एका कुटुंबाची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून माणसांची नावं दिलेली नाहीत आणि घरचे एक-दोन तपशील बदलले आहेत. गाड्यांचे तपशील जसेच्या तसे आहेत.

घरात आई, वय शहात्तर. थोरली मुलगी शिक्षिका, आईसोबतच राहते. तिला मी इथे ताई म्हणतो. धाकटा मुलगा पुण्यात आयटीत. वडील २०२१ मध्ये गेले, आजोबा त्याच्या कितीतरी आधी, १९९४ मध्ये. आवारात दोन गाड्या: आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली १९६६ची फियाट ११०० डिलाइट आणि वडिलांची १९८५ची मारुती ८००, तीही पहिल्या आकाराची, म्हणजे एसएस ८०. जुन्या आवारात कुणाच्या किती गाड्या हे कुणी मोजत नव्हतं, म्हणून दोन्ही टिकल्या. मारुती आठवड्यातून एकदोनदा बाहेर निघायची. फियाट २००९ नंतर रस्त्यावर आलीच नव्हती.

मी जुन्या गाड्या तपासून त्यांचा लेखी अहवाल देतो. विकण्या-घेण्यात माझा हिस्सा नसतो, म्हणूनच बहुधा ताईंनी मला बोलावलं.

अडचण

अंधेरीत भाड्याने मिळालेल्या घराला एक पार्किंग होतं. करारात नव्या इमारतीतही फ्लॅटमागे एकच. रस्त्याकडेला गाडी उभी करून तीन वर्षं काढू, हा विचार अंधेरीत राहणाऱ्याला सांगायलाही नको. म्हणजे एक गाडी ठेवायची, दुसरीचं काहीतरी करायचं, आणि तेही पावसाळ्याच्या आत.

धाकट्याने एक्सेलमध्ये तक्ता करून पाठवला होता. वय, दुर्मिळता, देखणेपणा, भावनिक मूल्य, बाजारभाव असे रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. फियाट जवळजवळ दुप्पट गुणांनी पुढे. त्या दिवसांत वातावरणही तसंच होतं. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहरातून गेली. पेपरात पानंच्या पानं आली, आणि ज्याच्या दारात फियाट होती त्याला आपल्या दारात सोनं उभं आहे असं वाटू लागलं. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘दहा लाखाला जाते’ असंही टाकून दिलं होतं.

आईंचं म्हणणं एका वाक्यात होतं: “मारुती ह्यांची आहे, ती जायची नाही.” ताईंना फियाट चालवताच येत नव्हती. स्टिअरिंगवरचा गिअर, हाताला जड चाक. धाकट्याच्या तक्त्यात ‘चालवणार कोण’ असा रकाना नव्हता. मला त्या तक्त्यातलं हेच सगळ्यात मोठं भोक वाटलं, पण पहिल्याच दिवशी पाहुण्याने बोलू नये म्हणून गप्प राहिलो.

दोन गाड्या शेजारी उभ्या केल्यावर

दोन वेगळ्या जमान्यांतल्या गाड्यांची तुलना करताना लोक थेट ‘कुठली चांगली’ इथे येतात. मी आधी विचारतो, प्रत्येक गाडी कुठल्या अडचणीला उत्तर म्हणून बनली होती?

डिलाइट कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या कंपनीत, १९६४ पासून बनू लागली. मूळ आराखडा इटलीतला. हीच गाडी पुढे काही काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली आणि थेट २००१ पर्यंत बनत राहिली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मध्ये लांब शाफ्ट. मागे स्प्रिंगचे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. साडेआठशे-नऊशे किलोंचं धूड. खड्डे, ओव्हरलोड, कमी शिकलेला मिस्त्री आणि पान्हा-हातोडी एवढ्यावर जगायचं, हे तिचं काम.

मारुती १४ डिसेंबर १९८३ला बाजारात आली, सुझुकीच्या छोट्या गाडीवर बेतलेली. इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे शाफ्टचा बोगदा नाही आणि सव्वातीन मीटरच्या गाडीत चार माणसं नीट बसतात. वजन साडेसहाशे किलोंच्या आत. पेट्रोल वाचवायचं, जागा वाचवायची आणि रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायचं, हे तिचं काम.

इथे एक गंमत आहे, जी मी त्या कुटुंबाला कागदावर मांडून दाखवली. फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५. मारुतीचा व्यास ६८.५ आणि स्ट्रोक ७२. म्हणजे एकेक सिलिंडर जवळजवळ सारखाच, एक २७२ सीसी, दुसरा २६५. फियाटला असे चार, मिळून १०८९ सीसी. मारुतीला तीन, मिळून ७९६. आणि तरीही ताकद दोघींची चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. वीस वर्षांत इंजिनाच्या विद्येत काय फरक पडला तो या एका हिशेबात दिसतो. फियाटचे व्हॉल्व्ह पुशरॉडवर, म्हणजे खालून ढकलणाऱ्या लांब दांड्यांवर चालतात, मारुतीचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) डोक्यावर बसवलेला आणि पट्ट्याने फिरणारा. फियाटचा कॅमशाफ्ट चेनने फिरतो, ती कुरकुर करून आधी सांगते. पट्टा काही सांगत नाही, तुटतो. या मारुतीचा पट्टा कधी बदलला याची नोंद घरात नव्हती, म्हणून तो बदलेपर्यंत गाडी काढू नका असं मी लिहून दिलं.

धाकट्याच्या तक्त्याला खरा धक्का मात्र दुसऱ्याच रकान्यात बसला. दुर्मिळतेत त्याने फियाटला नऊ आणि मारुतीला दोन गुण दिले होते. प्रत्यक्षात? फियाटचं तेच इंजिन पस्तीस-छत्तीस वर्षं बनलं आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ते रोज खोललं आणि बसवलं. पिस्टन, गॅस्केट, क्लच प्लेट, पंपाचा किट अशा वस्तू कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या दुकानांत अजून निघतात. डिलाइटची जाळी आणि मागचे दिवे वेगळे, ते शोधावे लागतात, एवढंच. मारुतीच्या इंजिनाचंही तसंच, कारण तेच ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या ८०० आणि ओम्नीत वर्षानुवर्षं राहिलं. पण एसएस ८०चा बाहेरचा आकार जेमतेम अडीच-तीन वर्षं टिकला. १९८६ मध्ये नवीन मॉडेल आलं. तिचं दार, तिची काच, तिचा पुढचा पत्रा पुढच्या मारुतीला लागत नाही. शिवाय ती लोकांची पहिली गाडी होती. लोकांनी ती वापरली, झिजवली आणि भंगारात दिली, जपून ठेवावी असं कुणाला वाटलंच नाही. पुढच्या काचेला तडा गेला तर फियाटची काच मिळेल, या मारुतीची मिळेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हे ऐकून धाकटा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे जुनी सांभाळायला सोपी आणि नवी अवघड?” पत्र्याच्या बाबतीत, हो.

तपासणीत काय निघालं

फियाट आवारातल्या उंच ओट्यावर, जिन्याच्या बाजूला उभी असायची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ती ओट्यामुळे वाचली. मारुती खाली होती, सीटपर्यंत पाण्यात. वडिलांनी ती नंतर धुतली, उन्हात वाळवली, इंजिनाचं काम करून घेतलं. पण मॅटखालचं नमद्याचं अस्तर काही काढलं नाही, आणि ते ओल धरून बसलं.

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, अस्तर सोडवलं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला लावलं. दाब न देता ते आरपार गेलं. खाली आवाराची फरशी दिसत होती. ताई शेजारी उभ्या होत्या, त्या एक पाऊल मागे सरकल्या. गाडी काढली की त्याच जागी त्यांचे पाय असायचे. अशी भोकं तीन ठिकाणी होती आणि उंबऱ्याच्या पेटीपर्यंत (दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीपर्यंत) गंज पोचला होता. या गाडीला वेगळी चासी नाही, फ्लोअर आणि उंबरे हीच तिची हाडं. त्यामुळे हा गंज रंगाखाली झाकून चालणार नव्हतं. (फियाटलाही वेगळी चासी नाही. ‘जुन्या गाड्या चासीवर असायच्या’ असं सरसकट म्हणतात, ते या गाडीला लागू नाही.)

फियाटचा पत्रा आश्चर्य वाटावं इतका शाबूत. मिस्त्रीने रॉकेलच्या फडक्याने इंजिनाच्या ब्लॉकवरचा तेलकट मळ पुसला, मी टॉर्च धरला, आणि ताईंनी आरसी बुकातला इंजिन नंबर एकेक आकडा करून वाचला. जुळला. चासी नंबरही जुळला. टाकी उघडली तेव्हा आत जे होतं त्याला जुन्या वॉर्निशचा वास होता. पंधरा वर्षं पडलेलं पेट्रोल. म्हणून टाकीला हातच लावला नाही. सिलिंडरांत तेल सोडून दोन दिवस ठेवलं, क्रँक हाताने फिरवून पाहिला, मग वेगळ्या कॅनमधून पंपाला नळी जोडली. चोक ओढून थोड्या नखऱ्यानंतर इंजिन लागलं. आई गॅलरीतून बघत होत्या.

मात्र दहा-बारा मिनिटांनी ते आचके देऊन बंद पडलं. एप्रिलची दुपार, तापलेला ब्लॉक आणि त्याच्यावरच बसवलेला पेट्रोल पंप: पेट्रोलची वाफ होऊन पंप नुसतीच हवा ओढत होता. मिस्त्रीने पंपावर ओलं फडकं गुंडाळलं आणि पाच मिनिटांत गाडी पुन्हा सुरू. मुंबईतल्या जुन्या फियाटवाल्यांच्या डिकीत असं एक फडकं आणि पाण्याची बाटली हमखास असायची.

दोन्ही गाड्यांना एक सल्ला सारखाच दिला: रबराच्या सगळ्या पेट्रोल नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं आणि ओल ओढतं, म्हणजे उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवण्यापेक्षा रिकामी करून ठेवलेली बरी.

समोर असलेले पर्याय

तपासणीनंतर टेबलावर चार गोष्टी होत्या.

फियाट ठेवून मारुती मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रात देणं, हा धाकट्याचा मूळ पर्याय. स्क्रॅपचं प्रमाणपत्र मिळतं, नवी गाडी घेताना करात सवलत मिळते. पण कुणाला नवी गाडी घ्यायचीच नव्हती, आणि अशा मोजक्या उरलेल्या गाडीला दाबयंत्रात घालणं मला पटत नव्हतं. हे मी माझं मत म्हणूनच सांगितलं, अहवालात लिहिलं नाही.

मारुती दुरुस्त करून ठेवणं आणि फियाट विकणं, हा दुसरा.

तिसरा, दोन्ही ठेवणं आणि एकीला बाहेरगावी जागा बघणं. आईंचा याकडे कल होता, पण बाहेरगावी बंद गॅरेजात उभ्या गाडीकडे बघणार कोण, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

चौथा पर्याय एका दलालाने आणला. जुन्या टॅक्सीच्या बातम्यांनंतर असे बरेच फिरत होते. “गाडी जशी आहे तशी उचलतो, रोख देतो, कागदांचं आम्ही बघतो. फक्त फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या.” (मालकाने गाडी दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचे ते फॉर्म.) आकडा वाईट नव्हता. धाकटा जवळजवळ तयार झाला होता.

पहिला निर्णयबिंदू: कागद

दलालाच्या त्या बोलण्यामुळे आरसी बुक पुन्हा उघडलं गेलं. इंजिन नंबर वाचताना मालकाच्या नावाकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. नाव आजोबांचं. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं.

मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो आणि तो तीन महिन्यांत भरायचा असतो. वडिलांनी तो कधी भरलाच नाही. आजोबांच्या नावानेच जे काही चालवायचं ते चालवलं आणि २००९ला नोंदणी संपल्यावर गाडी उभी केली. तेव्हा फॉर्म २९-३० वर सही करायची तर कुणी? ज्याने करायची तो हयात नाही. दलालाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. गाडी कुठेतरी पकडली गेली असती तर मालक म्हणून याच घरचा पत्ता निघाला असता. चौथा पर्याय तिथेच निकाली निघाला.

आता वारस कोण? आजोबांचं मृत्युपत्र नव्हतं. धाकटा म्हणाला, बाबा आणि डोंबिवलीचे काका. ताईंनी दुरुस्ती केली: “आणि आत्या.” हिंदू उत्तराधिकार कायद्यात १९५६ पासून मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, पण गाडीच्या बोलण्यात कोल्हापूरच्या आत्याचं नाव तोवर एकदाही आलं नव्हतं.

मारुतीचे कागद त्यामानाने सोपे. नोंदणी डिसेंबर २०२५ पर्यंत होती, विमा चालू होता, वारस म्हणजे हे तिघंच. तरी गाडी अजून वडिलांच्याच नावावर होती. तीन महिन्यांची मुदत तिथेही उलटून गेली होती, पण अर्ज लगेच आईंच्या नावाने केला.

दुसरा निर्णयबिंदू: एक फोन

काका आणि आत्याला काय कळवायचं यावर घरात दोन दिवस खल झाला. धाकट्याचं मत, नुसता ना हरकतीचा मजकूर पाठवू आणि सह्या मागू. आई म्हणाल्या, “वन्संना कागद नको पाठवूस. मी बोलते.”

त्यांनी फोन केला. आत्यांचं वय ऐंशीच्या घरात, पण बोलणं सडेतोड. “सही देते गं वहिनी. पण विकणार असाल तर आधी मला विचारायचं होतं. अण्णांची गाडी आहे ती.” त्यांचा मुलगा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवतो. शेड आहे, हात आहेत, आणि जुन्या यंत्रांचा नाद आहे. हा पर्याय धाकट्याच्या तक्त्यात नव्हता आणि माझ्या अहवालातही नव्हता.

काकांनी सही द्यायला नाही म्हटलं नाही, पण हिशेब मागितला. व्हॉट्सअ‍ॅपवरचे दहा लाख त्यांनीही वाचले होते. मी लेखी मूल्यांकन दिलं: नोंदणी संपलेली, विमा नाही, टाकी आणि ब्रेक पूर्ण उघडावे लागणार, पत्रा व इंजिन मूळचे. या अवस्थेत गाडीची किंमत दीड लाखाच्या आसपास. दहा लाख ही रंगरंगोटी होऊन, कागद पूर्ण असलेल्या गाडीसाठी एखाद्या हौशी गिऱ्हाइकाने बोललेली किंमत असू शकते, दारात उभ्या गाडीची नव्हे. काका पुटपुटले, पण कबूल झाले. त्यांच्या हिश्शाचे पैसे आत्यांच्या मुलाने दिले. आई, ताई आणि धाकट्याने आपला हिस्सा सोडला.

कृती

मे महिन्यात दोन कामं एकदम निघाली. मारुती टिनकामाला गेली. फ्लोअरचा गंजका भाग कापून नवा पत्रा बेतून वेल्ड केला, उंबऱ्याच्या पेट्या आतून साफ करून गंजरोधक मारला. टिनवाल्याने आधी ‘वरून पॅच मारतो, कुणाला दिसणार नाही’ असा स्वस्त मार्ग सुचवला होता. ताईंनीच नको म्हटलं. टायमिंग पट्टा, नळ्या, टायर धरून सगळं चाळीस हजारांच्या पुढे गेलं. गाडीच्या बाजारभावाशी हा खर्च जुळत नाही हे त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

फियाट चालवत नेण्याचा प्रश्नच नव्हता. नोंदणी नाही, विमा नाही. जागा रिकामी करायच्या आदल्या आठवड्यात ती फ्लॅटबेड ट्रकवर चढवून कोल्हापूरला रवाना केली.

निष्पत्ती

मारुती अंधेरीत आहे आणि चालते. ताई शाळेला सुट्टी असली की आईंना घेऊन बाहेर पडतात. आईंच्या गुडघ्यांना ती बुटकी सीट त्रास देते, त्यामुळे लांबचा प्रवास नाही.

फियाट कोल्हापुरात उतरली, टाकी उतरवून आतून साफ झाली, ब्रेकचे सिलिंडर नव्याने बसले. कागदांना मात्र वर्षापेक्षा जास्त वेळ लागला. गाडी मुंबईची, मालक मयत, वारस तीन घरांत आणि नोंदणीसाठी जी प्रत्यक्ष दाखवायची ती गाडी पावणेचारशे किलोमीटरवर. पत्रव्यवहार, प्रतिज्ञापत्रं आणि खेपा यांत २०२५चा पावसाळा उजाडला.

मग आला शेवटचा प्रश्न, नोंदणी कोणती? केंद्राच्या नियमांत जुलै २०२१ पासून व्हिंटेज वाहनांचा वेगळा वर्ग आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली खासगी गाडी त्यात बसते. फी २० हजार, मुदत दहा वर्षं, जुना नंबर ठेवता येतो, आणि २०२२च्या दरपत्रकानुसार थर्ड पार्टी विम्याचा हप्ता निम्मा. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो एरवी वर्षाला ३,४१६ रुपये पडतो. फियाट वरच्या ८९ सीसीमुळे या गटात जाते, मारुती २,०९४च्या गटात राहते. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच मुभा.

साध्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ती दहा हजार झाली, मुदत पाच वर्षं. म्हणजे पहिल्या दहा वर्षांचा फीचा हिशेब दोन्हीकडे वीस हजारच. पर्यावरण कर आणि उशिराचं शुल्क वेगळं. तेव्हा पैशावर काही ठरत नव्हतं. धाकट्याला अजून व्हिंटेज हवी होती, आरसीवर तसा शिक्का दिसावा म्हणून. आत्यांच्या मुलाने आपल्या आईला, म्हणजे आत्यांना विचारलं. आत्यांना गाडीतून ज्योतिबाला जायचं होतं, रॅलीत मिरवायचं नव्हतं. साधी नोंदणी केली.

वेगळं काय करता आलं असतं

आधी गाडी तपासायला बोलावलं आणि कागद नंतर उघडले, हा क्रम उलटा हवा होता. आरसीवर कुणाचं नाव आहे, वारस कोण, नोंदणी कधी संपली, हे एका दुपारचं काम. ते जानेवारीत झालं असतं तर मे महिन्यातली घाई टळली असती आणि दलालाला दारात उभंच केलं नसतं.

फियाट मुंबईत असतानाच तिची आरटीओतली तपासणी उरकायला हवी होती. एक महिन्याचं गॅरेजभाडं भरून ती इथेच ठेवली असती तर कोल्हापूर-मुंबई कागदी खेळात गेलेले महिने वाचले असते. त्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त जागा रिकामी करायची तारीख होती.

फ्लोअर कापण्याआधी मारुतीचे मूळ पत्रे, जोड, वेल्डचे ठिपके यांचे नीट फोटो काढून ठेवले असते तर बरं झालं असतं. या गाडीला अजून नऊ-दहा वर्षांनी, २०३५ मध्ये, पन्नास पूर्ण होतील आणि तेव्हा ‘मूळ रूपात आहे का’ हा प्रश्न तिलाही विचारला जाईल. दुरुस्ती प्रामाणिक झाली आहे, पण तिचा पुरावा टिनवाल्याच्या बिलापलीकडे काही नाही.

गुणांच्या तक्त्याला माझा विरोध नाही. पण त्यात रकाने कोण ठरवतं याने निकाल ठरतो. चालवणार कोण, उभी कुठे राहणार, कागद कुणाच्या नावावर, आणि पुढची काच फुटली तर मिळेल का, हे चार रकाने आधी भरले असते तर देखणेपणाचा रकाना भरायची वेळच आली नसती. एका बाबतीत मात्र मी धाकट्याच्या बाजूचा आहे: फियाट मूळ रूपात राहावी. आत्यांचा मुलगा फियाटला पंख्याच्या दोन मोटारी आणि इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवायचं म्हणतो आहे, वाफेचा त्रास जावा म्हणून. पंप बसवायला हरकत नाही, ब्रॅकेटवर बसवून हवा तेव्हा काढता येतो. पंख्यांसाठी पुढचा पत्रा कापू नका, एवढं त्याला लिहून पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.